धुऱ्यावरची झाडझुडपं काढावी की ठेवावी?

वावरवाला | ९ ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, घरात महिनाभर एकाच गोष्टीवर बोलणं चाललंय, म्हणून इथं विचारतो.

यवतमाळ जिल्ह्यात आमचं साडेचार एकर वावर आहे. काळी माती, कोरडवाहू. कपाशी आणि तूर, एका बाजूला थोडं सोयाबीन. उत्तरेकडचा धुरा, म्हणजे बांध, नाल्यापासून पांदण रस्त्यापर्यंत जातो. आठ-नऊ फूट रुंद असेल. आजोबांच्या काळापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. दोन निंबं (कडुनिंब), एक जुनं उंबर, पळसाची खोडं, बोरी, करंज आणि खाली तरोटा, रायमुनिया, गाजरगवत असं सगळं माजलेलं आहे.

मोठा भाऊ म्हणतो, कापूस निघाला की जेसीबी लावून साफ करू. कपाशीची दोन-तीन तासं, म्हणजे ओळी, जास्त निघतील. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. निंबाखालची पऱ्हाटी (कपाशी) खुरटी राहते, उंदरं त्याच धुऱ्यातून येतात, मागच्या वर्षी वेचणीच्या वेळी घोणसही निघाली होती.

माझं मन मात्र धजत नाही, आणि भावाला पटेल असं कारण मला सांगता येत नाही. त्यातच परवा मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. परिसंस्थेच्या धड्यात गवत, हरीण, सिंह असं चित्र आहे. तिनं विचारलं, "बाबा, आपल्या वावरात सिंह नाही, मग आपल्याकडे परिसंस्था नाही का?" मला तिलाही नीट उत्तर देता आलं नाही.

शेतीतले, रानातले, शिकवणारे जे कोणी असाल त्यांनी सांगा. त्या आठ फुटांत नेमकं काय चालतं? आणि ते गेलं तर कपाशीला काय फरक पडतो?

---

खेड्यातले गुरुजी | १० ऑगस्ट, सकाळी ७:०५

मुलीला सांगा की तिच्या धुऱ्यावर सिंहाची जागा शिक्रा हा शिकारी पक्षी घेतो.

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. पुस्तकातलं चित्र बाजूला ठेवून पोरांना शाळेमागच्या बांधावर नेतो. परिसंस्था हा शब्द आर्थर टान्सले या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञानं १९३५ मध्ये मांडला. त्याचा मुद्दा असा होता की झाडं आणि प्राणी वेगळे काढून त्यांचा अभ्यास पुरा होत नाही. माती, पाणी, ऊन, हवा आणि त्यात जगणारे सगळे मिळून एक व्यवस्था होते. ती व्यवस्था केवढी घ्यायची हे बघणाऱ्यावर असतं. ताडोबाचं जंगलही घेता येतं, तुमचा धुराही घेता येतो, पावसात उंबराच्या ढोलीत साचलेलं पाणीही घेता येतं.

सिंह किंवा वाघ वर इतके थोडेच का असतात, हेही तिला सांगा. पानात साठलेलं उन्हाचं बळ अळीनं खाल्लं की त्यातलं बरंचसं तिच्या हालचालीत, श्वासात आणि विष्ठेत जातं. अंगात उरतं ते ढोबळमानानं दहावा हिस्सा. अळी खाणाऱ्या पक्ष्याचं तेच, पक्षी खाणाऱ्या शिकऱ्याचंही तेच. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी संशोधकानं एका लहानशा तळ्याचा असा हिशेब मांडला. तो निबंध १९४२ मध्ये छापून आला, पण त्याआधीच वयाच्या २७व्या वर्षी तो वारला होता. दर पायरीवर नेमका दहावाच हिस्सा उरतो असं नाही, कमीजास्त होतं. पण वर जाताना गळती मोठी, हे सगळीकडे खरं आहे. म्हणून हजारो अळ्या, पन्नासेक पक्षी आणि शिकऱ्याची एखादीच जोडी.

पोरांना मी आणखी एक काम देतो. "कोण कोणाला खातं" याच्या रेघा काढायला लावतो. सुरुवातीला सगळे सरळ रेघ काढतात. अर्ध्या तासात पाटीवर कोष्ट्याचं जाळं होतं. सरडा मुंगी खातो, मेलेल्या सरड्याला मुंग्या खातात, मग बाण कुठं दाखवायचा यावर भांडण होतं. त्या भांडणातून अन्नजाळं जेवढं कळतं तेवढं माझ्या सांगण्यातून कळत नाही.

---

किडेवाली | १० ऑगस्ट, दुपारी १:३०

कीटकशास्त्र शिकले आहे, माहेर-सासर दोन्ही कपाशीचं. वावरवाला भाऊ, धुऱ्याचा आणि कपाशीचा संबंध मी पाहिलाय तसा सांगते.

आत्ता ऑगस्टमध्ये तुमच्या पऱ्हाटीवर मावा ही बारीक कीड असेल. पान उलटं करून पाहा. माव्याजवळ मुंगळे फिरताना दिसतील. पुष्कळ लोकांना वाटतं मुंगळे मावा खायला आलेत. खरं उलटं आहे. मावा रस शोषतो आणि गोड चिकटा बाहेर टाकतो, तो चिकटा मुंगळ्यांचं अन्न. त्या बदल्यात मुंगळे माव्याची राखण करतात, मावा खाणारा ढालकिडा आला तर त्याला हुसकावतात. दोघांचाही फायदा, म्हणून याला सहजीवन म्हणतात. आपल्या पिकाचं मात्र त्यात नुकसान. निसर्गातलं सहजीवन आपल्या सोयीचं असेलच असं नाही.

ढालकिड्याची अळी काळी, काटेरी, मगरीच्या पिल्लासारखी दिसते. लोक तिला कीड समजून चिरडतात. कृपा करून चिरडू नका. वाढ पुरी होईपर्यंत ती शेकडो मावा खाते. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याची अळीही तसंच काम करते.

आता ट्रायकोग्रामा. ही गांधीलमाशीच्या गोतातली, पण एक मिलिमीटरपेक्षाही लहान. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. बोंडअळीच्या अंड्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडते. पिलू परजीवी, पण प्रौढ माशी फुलातला मध पिऊन जगते. आणि इथं तुमचा धुरा येतो. कपाशीला फूल येईपर्यंत, आणि कापूस संपल्यावर पुढच्या पेरणीपर्यंत, या माश्यांनी, क्रायसोपानं, कोष्ट्यांनी राहायचं कुठं? नांगरलेल्या उघड्या वावरात ना सावली, ना फूल, ना भक्ष्य. वावर वर्षातून एकदा पार मोकळं होतं, धुरा होत नाही. मित्रकीटक तिथं तग धरतात आणि पीक उभं राहिलं की आत शिरतात.

फवारणीचं गणितही यातूनच कळतं. पहिल्या फवारणीत मावा मरतो आणि ढालकिडाही मरतो. मावा उरला तर आठवड्या-दहा दिवसांत पुन्हा पिढी उभी करतो. ढालकिड्याला वेळ जास्त लागतो, शिवाय त्याला आधी मावा लागतो. म्हणजे मधले दिवस मावा बिनधास्त. धुऱ्यावर फवारा गेला नसेल तर तिथून थोडे तरी परत येतात.

पण भाऊ, खोटी आशा देणार नाही. गुलाबी बोंडअळी धुऱ्यानं आटोक्यात येणार नाही. ती अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात फुलात नाही तर बोंडात शिरते, मग पक्षीही तिच्यापर्यंत पोचत नाही आणि ढालकिडाही. २०१७ मध्ये या अळीनं आपल्या भागात कपाशीची वाट लावली, त्याची आठवण कोणाला नसेल? बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला, २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये. पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी यायची, ती कडेनं लावायची होती. कशासाठी? बीटीला न जुमानणारे मोजके पतंग त्या कडेच्या कपाशीवर वाढलेल्या साध्या पतंगांशी जुळावेत आणि प्रतिकार पुढच्या पिढ्यांत विरून जावा. बहुतेकांनी ती सरकी लावलीच नाही. आमच्याही घरी फेकली गेली. वर फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवली, त्यामुळे अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळालं. जी टिकली तिचीच वीण वाढली. तिच्यासाठी उपाय वेगळे: फरदड नको, मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे कामगंध सापळे, आणि डोमकळी, म्हणजे अळी शिरून मिटलेलं फूल, दिसली की तोडून नष्ट करणं.

---

पऱ्हाटीतली | १० ऑगस्ट, रात्री ८:१५

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे. पण वेचायला आम्ही बाया जातो. ओटी बांधून, वाकून, हात पानात. माझ्या जावेला तीन वर्षांपूर्वी धुऱ्याजवळच साप चावला. वाचली, पण पायाला अजून त्रास आहे. गडीमाणसं धुऱ्याचं कौतुक करतात तेव्हा मला तो दिवस आठवतो. भाऊ, घोणस निघाली असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. ती एका ओळीची गोष्ट नाही.

---

वावरवाला | १० ऑगस्ट, रात्री ९:००

ताई, तुमचं बरोबर आहे. आमच्याकडेही वेचायला आई, बायको आणि गावातल्या बायाच असतात. हे मी आधीच मांडायला हवं होतं.

---

किडेवाली | ११ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, जावेबद्दल वाचून वाईट वाटलं.

साप उंदरामागं येतो. धुरा सपाट केला तरी सोयाबीनमध्ये उंदीर राहणारच, भेगांतही साप राहतोच, आणि निंबाच्या ढोलीतला पिंगळा मात्र जाईल. रात्रभर उंदीर टिपणारा तोच आहे. पण हे तर्कानं सांगून तुमच्या पायाखालची भीती जाणार नाही. म्हणून दोन गोष्टी कराच. पीक आणि झुडपं यांच्यात चार फुटांची पट्टी वर्षभर खुरटी ठेवायची, म्हणजे जमीन दिसते. आणि वेचणाऱ्या प्रत्येकीला घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, घरधन्याच्या खर्चानं. धुऱ्यात काडीकचऱ्याचे आणि दगडांचे ढीग घालायचे नाहीत, घोणस तिथंच दबून बसते.

---

गायकीचा नातू | ११ ऑगस्ट, दुपारी ३:२०

मी लिहाले कच्चा हावो, पन हे सांगाचं हाय.

माहा आजा गावची ढोरं राखे. मी लहान व्हतो तवा त्याच्यासंगं जाओ. ढोर मेलं का गावाभायेर नाल्याच्या काठी नेऊन टाकत. आजा म्हने, आता आभायात पाह्य. आधी एक ठिपका दिसे. मंग दोन. मंग कुठून येत त मालूम नायी, पन पन्नास-साठ गिधाडं उतरत. घंट्या-दोन घंट्यात नुसते हाडकं. वास नायी, माशी नायी.

मंग एका सालापासून ते कमी झाले. आजा रोज आभायाकडं पाहे. मरेपर्यंत इचारत राह्यला, "गेले कुठं रे?" कोनाजवयच उत्तर नोतं. आता ढोर मेलं त आठ-आठ दिवस सडते. कुत्रेच कुत्रे जमा होते, अन् ते कुत्रे बकऱ्याईले, पोराईले चावते.

आमच्या गावात गिधाडाईले कोनी मारलं नायी. कोनाचं काई वाकडं नोतं. तरी गेले. म्हनून म्हन्तो भाऊ, जे हाय थे कोनाच्या कामाचं हाय ते आपल्याले थे गेल्यावरच समजते. धुरा तोडासाठी जेसीबीले एक दिवस लागन. थे उंबर तुमच्या नातवाच्या टायमाले बी परत होनार नायी.

---

खेड्यातले गुरुजी | ११ ऑगस्ट, रात्री ८:००

भाऊ, तुमच्या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं आहे. त्यांच्या हयातीत ते गावापर्यंत पोचलं नाही याचं फार वाईट वाटतं.

ढोरांना सूज आणि दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं जायचं. औषध दिल्यावर लगेच ढोर मेलं तर ते मांसात उरतं, आणि गिधाडाचं मूत्रपिंड त्यानं निकामी होतं. २००४ मध्ये हे सिद्ध झालं. भारतात जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांसाठी वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीचीच ठेवण्याचा नियम झाला. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली होती. हजारात एक उरलं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे भरून यायला पिढ्या लागतात.

मेलेलं संपवणारे नसले तर काय होतं, हे वर्गात सांगताना मी पुस्तकातली "विघटक" ही व्याख्या शेवटी सांगतो. आधी गिधाडं, शेणकिडे, वाळवी, मग बुरशी आणि जिवाणू. कुजवणाऱ्यांवाचून मातीत काही परत जात नाही.

---

जंगलकाठचा | १२ ऑगस्ट, सकाळी १०:१०

चंद्रपूर जिल्हा. वावराला लागूनच जंगल. मी वेगळं सांगतो, राग मानू नका.

आमच्याकडे रुंद धुरा म्हणजे रानडुकरांची दिवसाची झोपायची जागा. रात्री बाहेर येऊन धान, हरभरा, भुईमूग उकरतात. रोही (नीलगाई) उभ्या तुरीचे शेंडे खातात. डुकरीण एका वेळी चार-सहा पिल्लं देते. जंगलात वाघ, बिबट, रानकुत्री त्यांना खातात, म्हणून तिथं तोल राहतो. वावरात त्यांना भरपूर खायला आणि शत्रू कोणी नाही. मी रात्र-रात्र माळ्यावर जागतो. अशानं मी माझा धुरा निम्मा उतरवला, आणि मला त्याचा पस्तावा नाही.

तरी एक कबूल करतो. उतरवल्यावर डुकरं कमी झाली नाहीत. ती आता नाल्यातून येतात. आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या बाजूची माती नाल्यात गेली.

---

वावरवाला | १२ ऑगस्ट, दुपारी १२:३०

राग कशाचा भाऊ? माती वाहून गेली हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. आमचा धुरा उताराला आडवा आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

झाडीपट्टीची लेक | १२ ऑगस्ट, रात्री ९:२५

मी गोंदियाकडची. आमच्याकडे कापूस नाही, धान. पण गोष्ट तीच आहे.

आमच्या गावात मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्वी गावच्या मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. पुष्कळसे कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी बांधले. लहानपणी आमच्या तलावाच्या उथळ काठाला नाना तऱ्हेची पाणवनस्पती असायची. पोहायला अडचण व्हायची, म्हणून आम्ही तिला शिव्या द्यायचो. त्याच वनस्पतीत मासे अंडी घालायचे, पिल्लं दडायची, बदकं चरायची. मग काठावर बेशरम नावाची झुडपी वनस्पती पसरली. तिला गुरं तोंड लावत नाहीत, फांदी तुटून चिखलात पडली की तिथंही रुजते. परक्या मुलखातून आलेल्या झाडाला त्याचे नेहमीचे शत्रू इथं नसतात, म्हणून ते असं माजतं. देशी वनस्पती दबली आणि ढिवरांच्या (मासेमारांच्या) जाळ्यात येणारे गावठी मासे कमी झाले. भंडारा-गोंदियाकडे काही गावांत बायांनी बेशरम उपटून तलावात देशी वनस्पती पुन्हा लावल्या आहेत. कंबरभर चिखलातलं काम आहे ते.

आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, सारसाची जोडी येते. धानाच्या आणि पाणगवताच्या काड्या रचून पाण्यात घरटं करतात, बहुतेक वेळा दोन अंडी. ज्याच्या बांधीत घरटं होतं त्याचं थोडं धान मोडतं. माझ्या काकांच्या बांधीत झालं होतं. त्यांनी त्या कोपऱ्यात कापणी उशिरा केली.

भाऊ, तुमच्या धुऱ्यावरची रायमुनिया आणि गाजरगवत हीसुद्धा परमुलखातलीच. धुरा ठेवायचा याचा अर्थ त्यावरचं सगळंच ठेवायचं असा नाही.

---

किडेवाली | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

ताईंनी नेमकं सांगितलं. गाजरगवत आणि पेटारी या दोन्ही तणांवर कपाशीचा पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, राहतो. ती दोन फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून, गाजरगवतानं अंगाला खाज सुटते. रायमुनियाची फळं बुलबुल खातात आणि बी पसरवतात, तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. ती मुळासकट काढा. तरोटा राहू द्या, बोरी राहू द्या, करंज तर नक्कीच.

आणि उंबर. त्याच्या प्रत्येक फळात शेकडो फुलं आतल्या बाजूनं असतात. त्यांच्यात पराग पोचवायला एक ठरावीक जातीची इवली माशी फळाच्या बारीक छिद्रातून आत शिरते, पंख तुटतात तरी शिरते, अंडी घालते आणि आतच मरते. ती माशी नसेल तर उंबराला बी नाही, उंबर नसेल तर त्या माशीला पुढची पिढी नाही. शिवाय इतर झाडांना फळ नसतं त्या दिवसांतही उंबराला असतं. तेव्हा हरियल, धनेश, वटवाघळं, खारी सगळे त्याच्यावर जगतात. धुऱ्यावर एकच झाड वाचवता येणार असेल तर ते वाचवा.

---

वावरवाला | २० ऑगस्ट, रात्री १०:०५

मंडळी, आठवडाभर लिहिलं नाही कारण बघत होतो.

मुलीला घेऊन तीन सकाळी उंबराखाली बसलो. तिनं वहीत रेघा काढल्या, गुरुजींनी सांगितल्या तशा. कोतवाल पक्षी तारेवरून उडून कपाशीत पंचवीस-तीस पावलांपर्यंत जातो, काहीतरी पकडतो, परत येतो. त्याच्या पलीकडे तो फारसा जात नाही. धुऱ्याजवळच्या तासांत ढालकिडे सहज दिसले, मधल्या तासांत शोधावे लागले. मुंगळ्यांनी ढालकिड्याला हुसकावताना मुलीनं स्वतः पाहिलं आणि दिवसभर तेच सांगत होती. निंबाखालची चार-पाच झाडं खरंच खुरटी आहेत, भावाचं तेवढं बरोबर. प्रकाश आणि ओल दोन्हींसाठी निंबाशी झुंज आहे, त्यात पऱ्हाटी हरते.

चौथ्या दिवशी भाऊ आला. मी काही बोललो नाही. मुलीनंच त्याला वही दाखवली. तो बराच वेळ बसला. मग म्हणाला, "आजोबा याच उंबराखाली भाकर खायचे."

ठरलं ते असं. जेसीबी येणार नाही. रायमुनिया, गाजरगवत, पेटारी हातानं काढायची. निंबाच्या वावराकडच्या फांद्या छाटायच्या. पिकाच्या कडेनं चार फूट मोकळी पट्टी, म्हणजे त्या दोन-तीन तासांपैकी एकही मिळणार नाही, उलट एक जाईल. भावानं ते मान्य केलं. दसऱ्याआधी सात जोड बूट आणायचे, आईचं माप घेतलं आहे. आणि मधल्या तासांत कोतवालाला बसायला काड्या रोवायच्या, वर आडवी काडी बांधून.

एक प्रश्न उरला. पक्षिथांबे किती अंतरावर ठेवू?

---

किडेवाली | २१ ऑगस्ट, सकाळी ६:४०

एकराला आठ-दहा पुरे. पिकापेक्षा हातभर उंच ठेवा. कपाशी वाढेल तशी काडी वर घ्यावी लागते, ते लोक विसरतात.

---

पऱ्हाटीतली | २१ ऑगस्ट, दुपारी २:००

बूट आणताना एक-दोन जोड मोठ्या मापाचे आणा भाऊ. पावसात पाय सुजतात.

---

वावरवाला | २१ ऑगस्ट, दुपारी २:२०

आणतो ताई.